मीर सुलतान खान : कॅपाब्लांकाला हरवणारा पंजाबचा शतरंजपटू

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचं एक गाव आहे. तिथे दरवर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरते. १९३०-३१ च्या स्पर्धेत क्यूबाचा होजे राउल कॅपाब्लांका खेळायला आला होता. हे नाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा माणूस १९२१ ते १९२७ जगज्जेता होता आणि १९१६ ते १९२४ अशी सलग आठ वर्षं त्याला कोणीही एकही डाव हरवू शकलं नव्हतं. त्याच्यासमोर पटावर बसला होता पंजाबच्या सरगोधा भागातला एक मुस्लिम तरुण. डोक्यावर पगडी, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. इंग्रजी जेमतेम. युरोपच्या नियमांनी शतरंज खेळायला लागून त्याला फार तर चार-पाच वर्षं झाली होती. पासष्टाव्या चालीनंतर कॅपाब्लांकाने हार मानली.

या तरुणाचं नाव मीर सुलतान खान. आपल्या घरांमध्ये आज मुलांना मॅग्नस कार्लसन माहीत आहे, विश्वनाथन आनंद माहीत आहे, नागपूरची दिव्या देशमुख तर सगळ्यांच्या तोंडी आहे. सुलतान खान मात्र विचारून बघा. आमच्या धायरीत शाळा सुटल्यावर सोसायटीच्या पायऱ्यांवर मोबाईलवर शतरंज खेळणारी पोरं आहेत. गँबिट, ट्रॅप असले शब्द त्यांच्या जिभेवर असतात. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली तेव्हा तिचे डाव ही पोरं मोबाईलवर बघत होती. त्यांच्यापैकी एकालाही हे नाव ऐकून माहीत नव्हतं. त्यांचा काय दोष? आपण मोठ्यांनी तरी कुठे सांगितलं?

सुलतान खान यांचा जन्म १९०३ चा, काही पुस्तकांत १९०५ दिलं आहे. गाव मिठा टिवाणा, आज पाकिस्तानच्या खुशाब जिल्ह्यात येतं. घराणं अवान जमातीचं, पीर-जमीनदारांचं. वडील मियाँ निजामुद्दीन यांनी मुलाला नवव्या वर्षी शतरंज शिकवली. घरात सगळे भाऊच खेळत. थोडा मोठा झाल्यावर सुलतान सरगोधा शहरात जाऊन तिथल्या जमीनदारांशी डाव मांडू लागला आणि एकविसाव्या वर्षी तो पंजाबचा अव्वल खेळाडू मानला जाऊ लागला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं आश्चर्य कळणार नाही. सुलतान जी शतरंज शिकला ती आजची नव्हे. हिंदुस्थानी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, दोन नाही. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदाच, शह बसलेला नसताना, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की सरसकट वजीर होत नसे, ज्या रांगेत पोहोचलं त्या रांगेचा मोहरा होई. प्रांताप्रांतात आणखी फरक होते. हे नियम दिसायला किरकोळ आहेत, पण यांनी खेळाची चालच बदलते. प्यादं एकेक घर सरकणार म्हणजे दोन्ही फौजा एकमेकींना भिडायला वेळ लागणार. सुरुवातीच्या चालींत सहसा मारामारी होत नाही, म्हणून घाई नाही. आधी आपली मांडणी नीट करा, मग लढाई.

शतरंजचा जुना, बगदादचा खेळही असाच होता. अब्बासी खलिफांच्या काळात अल-अदली, अस-सूली यांच्यासारखे उस्ताद होऊन गेले. डाव संथ सुरू होत असल्यामुळे त्यांनी सुरुवातीच्या मांडण्या ठरवून त्यांना नावं दिली होती. अशा मांडणीला अरबीत तबिया म्हणत. गंमत म्हणजे आज रशियन आणि युरोपियन खेळाडूही एखाद्या ओपनिंगमधल्या ओळखीच्या जागेला तबिया हाच शब्द वापरतात. शह-मात तर आपल्याला माहीतच आहे. आणि हो, अरबीत ज्याला फील म्हणजे हत्ती म्हणतात तो मोहरा मराठी पटावर उंट झाला आहे, आणि आपला हत्ती तिकडे रुख आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही घरात बोलणाऱ्या मुलांचा यात नेहमी गोंधळ उडतो.

युरोपात प्याद्याला दोन घरांची उडी आधीच मिळाली होती, पंधराव्या शतकाच्या शेवटी वजीर आणि उंट यांना लांब पल्ल्याची चाल मिळाली. त्याबरोबर डावाची सुरुवात एकदम धारदार झाली. तिसऱ्या-चौथ्या चालीलाच प्यादं कुर्बान करायचं, समोरच्याचा राजा उघडा पाडायचा आणि तो सावरायच्या आत हल्ला करायचा, हे गँबिटचं तंत्र. अशा डावात बुद्धी जितकी लागते तितकंच पाठांतर लागतं. एखादी चाल चुकली तर पंधराव्या चालीला खेळ खलास. कोणत्या चालीला काय उत्तर, हे सगळं पुस्तकांत छापलेलं असतं. ती पुस्तकं जर्मन, इंग्रजी, फ्रेंचमध्ये. सुलतान खान यांनी त्यांचा अभ्यास केलेला नव्हता.

पण धारदार सुरुवात हा काही फक्त साहेबांचा प्रांत नव्हता. सुलतान खान यांच्या शंभर वर्षं आधी मद्रासला गुलाम कासिम नावाचे एक उस्ताद होते. १८२८-२९ मध्ये मद्रास विरुद्ध हैदराबाद असे टपालाने दोन डाव खेळले गेले. मद्रासची बाजू प्रामुख्याने गुलाम कासिम सांभाळत होते, आणि मद्रासने दोन्ही जिंकले. १८२९ साली त्यांनी जेम्स कॉक्रेन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर एक पुस्तक मद्रासलाच छापलं. विषय होता मुझिओ गँबिट, म्हणजे ज्यात पांढरा खेळाडू सुरुवातीलाच अख्खा घोडा कुर्बान करतो! राजाच्या गँबिटमधल्या एका हल्ल्याला आजही जगभरच्या पुस्तकांत गुलाम कासिम यांचं नाव आहे. तेव्हा आपल्या लोकांना हे जमत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा १८२९ चा दाखला द्यावा.

परत पंजाबकडे येऊ. सर उमर हयात खान टिवाणा हे शाहपूर भागातले मोठे जहागीरदार. ब्रिटिश फौजेत मेजर जनरलचा हुद्दा, इंग्रज दरबारात ऊठबस. त्यांचे चिरंजीव खिजर हयात पुढे १९४२ पासून १९४७ पर्यंत पंजाबचे वजीर-ए-आजम होते. उमर हयात यांना शतरंजचा भारी शौक. त्यांनी सुलतानला आपल्या कालरा इथल्या जहागिरीवर बोलावलं, राहण्याजेवणाची सोय आणि तनखा देऊ केला, तिथे शतरंजची एक फळी उभी करायला सांगितलं. युरोपचे नियमही त्याच काळात शिकवले गेले. १९२८ साली अखिल हिंदुस्थान अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. सुलतान खान यांनी नऊपैकी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला, हरले एकही नाहीत.

१९२९ च्या वसंतात उमर हयात लंडनला गेले, इंडिया कौन्सिलचे सभासद म्हणून. सोबत सुलतान खान. तिथे सरावासाठी एक छोटी स्पर्धा ठेवली गेली आणि पंजाबचा हा चॅम्पियन तिच्यात शेवटच्या जागेवर आला. कारण उघड होतं. सुरुवातीच्या चाली त्याला ठाऊकच नव्हत्या. समोरचा पुस्तकातल्या दहा-बारा चाली धाडधाड खेळून मोकळा व्हायचा, हा पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने विचार करत बसायचा. विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी मग त्याला थोडंफार शिकवलं. हे दोघे स्वतः त्याचे प्रतिस्पर्धी होते, हे विसरू नये. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद झालं. तिथे सुलतान खान पहिले आले. आधीच्या त्या सरावस्पर्धेत शेवटचा आलेला माणूस काही महिन्यांत सगळ्या ब्रिटिश साम्राज्याचा चॅम्पियन!

हे विजेतेपद त्यांनी पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही मिळवलं. पाच वर्षांत तीनदा. मधल्या काळात युरोपभर स्पर्धा. १९३० मध्ये बेल्जियमच्या लिएजला टार्टाकोव्हरच्या मागे दुसरे. त्या हिवाळ्यात हेस्टिंग्जला ऑयवे आणि कॅपाब्लांका यांच्यामागे तिसरे. १९३१ च्या सुरुवातीला त्याच टार्टाकोव्हरशी बारा डावांची झुंज झाली, ती सुलतान खान यांनी साडेसहा-साडेपाच अशी जिंकली. १९३२ मध्ये लंडनच्या स्पर्धेत आलेखाइन आणि फ्लोहर यांच्या खालोखाल कॅशडनसोबत तिसरे. जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत त्यांची गणना होऊ लागली.

ऑलिम्पियाडमध्ये ते तीनदा खेळले: १९३० हॅम्बर्ग, १९३१ प्राग, १९३३ फोकस्टोन. तिन्ही वेळा पहिल्या पटावर. प्रागमध्ये त्यांनी फ्लोहर आणि रुबिनस्टाइन यांना हरवलं, जगज्जेत्या आलेखाइनशी बरोबरी केली. पण खेळले कोणासाठी? इंग्लंडच्या संघातून. हिंदुस्थान गुलाम, आणि राज्यकर्त्यांच्या संघाचा पहिला मोहरा हिंदुस्थानी! इकडे मिठाच्या सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात जात होते त्याच १९३० सालची ही गोष्ट आहे. आम्हाला या प्रसंगात अभिमान वाटावा की चीड यावी, हे अजूनही पक्कं ठरवता येत नाही. दोन्ही वाटतं, असं म्हणू.

आता तो हेस्टिंग्जचा डाव. घरी पट असेल तर काढून मांडा, मुलांना घेऊन बसा. सुलतान खान पांढरे मोहरे घेऊन खेळले. पाचव्या चालीला त्यांनी वजिराच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. दिसायला भित्री चाल. पण काळ्याच्या उंटाला पुढे येऊन घोडा जखडून ठेवता येऊ नये, हा तिच्यामागचा हिशोब. पुढे तीसेक वर्षांनी जगज्जेता तिग्रान पेत्रोस्यान हीच पद्धत खेळू लागला आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे कास्पारोव्हने तर हीच चाल घेऊन भल्याभल्यांचे राजे फोडले. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांच्या शतरंजमध्ये वाढलेल्या माणसाच्या हाताला ती चाल सहज आली असेल का? आम्हाला तसं वाटतं खरं.

बाराव्या चालीला पांढरा घोडा थेट शत्रूच्या हद्दीत घुसतो आणि काळ्याच्या उंटाला उचलतो. चौदाव्या चालीला राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं दोन घरं पुढे. त्यानंतर त्याच्या शेजारचंही पुढे, आणखी पुढे, काळ्या घोड्याला मागे हाकलून लावत. आणि पांढरा राजा? त्याने किल्लेकोट केलेलाच नाही. तो मधोमध, उघड्यावर. कोणताही क्लासचा कोच इथे पोरांना ओरडला असता. कॅपाब्लांकानेही बहुतेक हाच विचार केला असावा. त्याने दोन्ही हत्ती एकाच उभ्या रांगेत आणले आणि पहिला हत्ती सरळ पांढऱ्याच्या घरात उतरवून शह दिला. राजा एक घर पुढे. दुसऱ्या हत्तीचा शह. आता पांढरा संपला असं वाटतं. पण सुलतान खान यांनी वजिराने एक हत्ती मारला, तो वजीर मेला, आणि मग राजाने स्वतः दुसरा हत्ती उचलला. वजीर गेला, बदल्यात दोन हत्ती आले.

ज्याच्याकडे वजीर तो जिंकणार, असं नवशिक्याला वाटतं. पुढच्या चाळीस चालींत दिसतं ते उलटंच. कॅपाब्लांकाचा एकटा वजीर पटाच्या या टोकाहून त्या टोकाला फिरत राहतो, त्याला आत शिरायला फटच सापडत नाही. पांढरा राजा सावकाश चालत सुरक्षित कोपऱ्याकडे जातो. हत्ती रांग धरून बसतात. मध्येच पांढरं एक प्यादं काळ्या वजिराला खाऊ दिलं जातं, तेवढ्या वेळात पांढरा हत्ती दुसऱ्या बाजूने आत घुसतो आणि तिथलं प्यादं मारतो. शेवटी वजिराच्या बाजूचं पांढरं प्यादं पुढे निघतं. ते अडवायला कोणी उरत नाही. घाई एकदाही नाही. शेतकरी पाण्याची पाळी येईपर्यंत थांबतो तसं थांबणं आहे हे.

अर्थात प्रत्येक वेळी असं झालं नाही. बर्नला १९३२ मध्ये आलेखाइनने त्यांना हरवलं. सुलतान खान काळे मोहरे घेऊन कारो-कान बचाव खेळले आणि आलेखाइनने त्यावर त्या काळात नवाच असलेला पानोव्ह हल्ला वापरला. म्हणजे आधी मधली प्यादी मारामारीत मोकळी करायची आणि समोरच्याची फौज घरातून बाहेर यायच्या आत त्याच्या राजावर चाल करून जायचं. ही तीच धारदार सुरुवात, जिथे घरून तयारी करून आलेला माणूस जिंकतो. आलेखाइनकडे शेकडो डावांचा अभ्यास होता, सुलतान खान यांच्याकडे फक्त त्यांची नजर. मधला डाव किंवा शेवटची प्याद्यांची लढाई असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

इंग्लंड त्यांना मानवलं नाही. मलेरिया पाठीशी लागलेला, त्यात तिथली ओली थंडी. सतत सर्दी, घसा धरलेला. गळ्याला पट्ट्या गुंडाळून ते स्पर्धेला बसत. याच उमर हयात यांच्या घरात फातिमा नावाची एक तरुणीही होती, तिनेही तिथेच शतरंज आत्मसात केली. १९३३ मध्ये हेस्टिंग्जला सुलतान खान पुरुषांचे ब्रिटिश विजेते झाले तेव्हाच फातिमा बायकांच्या विभागात पहिली आली: दहा विजय, एक बरोबरी, हार शून्य, दुसऱ्या क्रमांकापेक्षा पूर्ण तीन गुण जास्त. कागदोपत्री तिची नोंद मिस फातिमा एवढीच. एकाच घरातले दोन हिंदुस्थानी मुस्लिम, एकाच वर्षी, दोन्ही ब्रिटिश विजेतेपदं. मुलींना शतरंजच्या क्लासला पाठवू की नको म्हणणाऱ्या पालकांसमोर आम्ही हे उदाहरण ठेवत असतो. फिकहच्या वादात आम्ही शिरत नाही, तो उलमांचा विषय आहे. पैसे लावून खेळू नये आणि नमाज, अभ्यास चुकवू नये, एवढं मात्र मुलांना बजावतो. याच फातिमाने खूप वर्षांनी आठवण सांगितली होती की इंग्लंड सोडताना सुलतान खान यांना कैदेतून सुटल्यासारखं वाटलं होतं.

एक किस्सा मात्र जगभरच्या पुस्तकांत छापला गेला आणि त्याने सुलतान खान यांची सगळी ओळखच झाकून टाकली. अमेरिकेचा खेळाडू रूबेन फाइन १९३३ च्या ऑलिम्पियाडच्या वेळी आपल्या संघाबरोबर उमर हयात यांच्या घरी मेजवानीला गेला. तिथे सुलतान खान पाहुण्यांना वाढत होते, असं त्याने लिहून ठेवलं. एवढा मोठा खेळाडू आणि मालकासमोर वाढपी! त्या एका आठवणीवरून नोकर, अनपढ, गुलाम अशी प्रतिमा तयार झाली. २०२० मध्ये इंग्लंडचे ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांनी सुलतान खान यांचं चरित्र लिहिलं, त्याच्या उपशीर्षकातही नोकर हाच शब्द आला. त्यावर सुलतान खान यांची नात डॉ. अतियाब सुलतान आणि मुलगा अतहर सुलतान यांनी जाहीर आक्षेप घेतला. आमचे बुजुर्ग जमीनदार, पीर घराण्यातले, ते कोणाचे नोकर नव्हते, आणि अंगठाबहाद्दरही नव्हते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

आम्हाला या वादात घरच्यांची बाजू पटते. फाइनने उमर हयात यांना महाराजा म्हटलं आहे, आणि ते महाराजा मुळीच नव्हते, जहागीरदार होते. ज्याला एवढा फरक कळला नाही त्याला त्या घरातले बाकीचे रिश्ते किती कळले असतील? आपल्याकडे दावतीला घरचा तरुण हाताने वाढतो, त्यात कमीपणा कोण मानतो? ईदला आमच्या घरी आलेल्यांना आम्ही स्वतः शीरखुर्मा देतो, म्हणून आम्ही नोकर झालो का? पण दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. सुलतान खान कोणत्या स्पर्धेला जाणार, कधी जाणार, कधी थांबणार, हे उमर हयात ठरवत होते. १९३३ च्या डिसेंबरात ते परत निघाले आणि सुलतान खान यांनाही घेऊन आले. वय तेव्हा तीस. शतरंजच्या खेळाडूची सगळ्यात चांगली वर्षं त्यानंतरच असतात. शौक मालकाचा आणि हुनर दुसऱ्याचा, असं जिथे असतं तिथे शौक संपला की हुनरही घरी बसतं.

परतल्यावर १९३५ मध्ये त्यांची एक झुंज झाली, तीही एका मराठी माणसाशी. वि. का. खाडिलकर हे आपल्याकडचे नावाजलेले बुद्धिबळपटू. १९२४ मध्ये इंग्लंडला जाऊन ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळून आलेले, म्हणजे सुलतान खान यांच्याही आधी. दहा डाव झाले. खाडिलकरांना त्यातला एकच डाव बरोबरीत सोडवता आला, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. त्यानंतर बाहेरच्या बुद्धिबळ जगाला त्यांचा पत्ता लागला नाही.

ते शेती करत होते. सरगोध्याजवळ बापजाद्यांची जमीन, पाच मुलगे, सहा मुली. १९४४ मध्ये उमर हयात वारले. १९४७ ला फाळणी झाली आणि मिठा टिवाणा पाकिस्तानात गेलं. भारतात त्यांना आपलं म्हणणारं कोणी उरलं नाही, कारण गाव तिकडे. पाकिस्तानात फारशी आठवण नव्हती, कारण त्यांची कमाई पाकिस्तान होण्याआधीची. इंग्लंडच्या यादीत ते परदेशी. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर ही पदवी दिली तेव्हा सत्तावीस जणांची नावं जाहीर झाली. त्यात टार्टाकोव्हर होते, फ्लोहर होते, ऑयवे होते, कित्येक वर्षं पटाला हात न लावलेले रुबिनस्टाइनही होते. यातल्या टार्टाकोव्हरला त्यांनी झुंजीत हरवलं होतं, फ्लोहर आणि रुबिनस्टाइनला ऑलिम्पियाडमध्ये. त्या वेळी सुलतान खान जिवंत होते, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचं नाव यादीत नव्हतं.

मुलांना त्यांनी शतरंज शिकवली नाही. याहून उपयोगाचं काहीतरी करा, असं त्यांचं मुलांना सांगणं असे. एका शिक्षकाच्या नजरेने आम्ही या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. आपला हुनर दुसऱ्याच्या मर्जीवर चालला, हे ज्याने भोगलं, त्याने मुलांना जमीन आणि शिक्षण यांच्याकडे वळवलं असेल तर त्याला काय बोलणार? नात डॉक्टरेट झाली आणि आजोबांसाठी जगाशी वाद घालायला तिनेच लेखणी उचलली.

२५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. अठ्ठावन्न वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर ही पदवी मरणोत्तर दिली. संघटनेचे अध्यक्ष अर्काडी ड्वोरकोविच इस्लामाबादला गेले होते, त्यांनी ती पाकिस्तानचे तेव्हाचे काळजीवाहू वजीर-ए-आजम अन्वारुल हक काकड यांच्याकडे सुपूर्द केली. पाकिस्तानच्या पहिल्या ग्रँडमास्टरचं नाव म्हणून आता मीर सुलतान खान नोंदलं गेलं आहे.